तंतुकणिकेतील डीएनएचे नियमन करणारी प्रथिने : वैद्यकव्यवसायाच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना

पायांच्या तळव्यांची आग, मुंग्या व बधिरपणा. गालांवरील आणि हातापायांवरील मेद झडून शिरा उघड्या दिसणे. पुढे अन्नद्वेष, हृल्लास, उदरशूल आणि अल्प श्रमानेही दम लागणे. असा रुग्ण समोर आला असता वैद्याच्या मनात पाददाह, वातरक्त, मेदक्षय, अग्निमांद्य ही निदाने येणे स्वाभाविक आहे. परंतु १ एप्रिल २००४ रोजी शासनाने एचआयव्हीबाधितांसाठी मोफत औषधयोजना सुरू केल्यानंतरच्या काळात स्टॅव्हुडीन हे औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांत हाच लक्षणसमूह दिसत असे. त्याचे मूळ पेशीतील तंतुकणिकांमध्ये म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमध्ये होते. तेथील डीएनएची नक्कल करणारे एक प्रथिन या औषधाने अडत असे.

तंतुकणिका हा विषय आपल्या पाठ्यक्रमात शरीरक्रियेच्या एखाद्या परिच्छेदात येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. दुसरीकडे औषधनिर्मितीच्या बाजारात 'तंतुकणिकांना बळ देणारे', 'डीएनए दुरुस्त करणारे' असे शब्द वेष्टनांवर दिसू लागले आहेत. म्हणून तंतुकणिकेतील डीएनएला बांधून राहणारी आणि त्याच्या नकलेचे नियमन करणारी प्रथिने कोणती, त्यांचे कार्य कसे चालते, ते बिघडले असता काय होते आणि या ज्ञानाचा वैद्याने व औषधनिर्मात्याने कोणता उपयोग करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंतुकणिकेतील डीएनए : स्वरूप

पेशीचा बहुतांश डीएनए केंद्रकात असतो, हे सर्वांना ज्ञात आहे. तंतुकणिकेतही स्वतंत्र डीएनए आहे, हे मार्गिट नास आणि सिल्व्हान नास यांनी १९६३ मध्ये कोंबडीच्या गर्भपेशींचे सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण करून दाखविले. १९८१ मध्ये केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी मानवी तंतुकणिकेतील डीएनएची संपूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध केली. हा डीएनए वर्तुळाकार असून त्यात १६,५६९ अक्षरजोड्या आहेत. त्यावर अवघी ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ जनुके श्वसनशृंखलेतील प्रथिनांची असून उरलेली २४ जनुके ती प्रथिने तयार करण्यासाठी लागणाऱ्या आरएनएची आहेत.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात ठेवावी. तंतुकणिकेत सुमारे अकराशे प्रकारची प्रथिने कार्यरत असतात. त्यांपैकी १३ सोडून बाकी सर्व प्रथिनांची जनुके केंद्रकात आहेत. तंतुकणिकेतील डीएनएची नक्कल करणारे, त्याला गुंडाळणारे व उलगडणारे प्रत्येक प्रथिन पेशीद्रवात तयार होऊन तंतुकणिकेत आयात होते. थोडक्यात, पोथी तंतुकणिकेच्या घरची असली तरी तिचे लेखनिक बाहेरून येतात. या एका वस्तुस्थितीतून पुढे आनुवंशिकतेसंबंधीचा एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो.

केंद्रकातील प्रत्येक गुणसूत्राच्या पेशीत दोनच प्रती असतात, तर तंतुकणिकेतील डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. परिपक्व स्त्रीबीजात तर ही संख्या लाखाच्या घरात जाते. तसेच केंद्रकातील डीएनएची नक्कल पेशीविभाजनापूर्वी एकदाच होते. तंतुकणिकेतील डीएनएची नक्कल मात्र विभाजन न पावणाऱ्या मज्जापेशींत आणि हृदयाच्या स्नायुपेशींतही आयुष्यभर चालू राहते. म्हणूनच ही नक्कल थांबविणारे द्रव्य शरीरात गेले, तर ज्या पेशी विभाजित होत नाहीत त्यांनाही हळूहळू क्षय भोगावा लागतो.

नक्कल करणारी यंत्रणा

या कार्यातील प्रमुख प्रथिने पुढीलप्रमाणे आहेत.

१) पॉलिमरेज गॅमा : हा मुख्य लेखनिक. जुन्या धाग्यासमोर एकेक अक्षर जोडून नवा धागा तो तयार करतो. मानवात त्याचा एक मोठा कार्यकारी घटक आणि दोन साहाय्यक घटक मिळून एक संच होतो. चुकीचे अक्षर जोडले गेल्यास ते काढून टाकण्याची शक्तीही कार्यकारी घटकात आहे.

२) ट्विंकल : डीएनएच्या दोन धाग्यांची वीण उसवणारे हे वलयाकार विकर आहे. ते २००१ मध्ये ओळखले गेले. पेशीत ते चमकणाऱ्या ताऱ्यांप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी दिसते, म्हणून त्याला हे नाव मिळाले.

३) एकधागा-बंधक प्रथिन : उसवलेला एकेरी धागा उघडा पडताच हे प्रथिन त्यावर बसते. त्यामुळे धागा पुन्हा गुंतत नाही आणि त्याची मोडतोडही होत नाही.

४) तंतुकणिकेचे आरएनए पॉलिमरेज : पॉलिमरेज गॅमाला कोऱ्या जागेवरून आरंभ करता येत नाही, त्याला आधी एक छोटा आरंभक तुकडा लागतो. तो तुकडा हे विकर पुरविते.

५) टीफॅम : डीएनएला बांधणारे, वाकविणारे आणि गुंडाळणारे प्रथिन. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

डीएनएच्या दोन धाग्यांची नक्कल एकाच वेळी सुरू होत नाही. पहिल्या धाग्याची नक्कल नियंत्रक भागातील एका आरंभबिंदूपासून सुरू होते. ती वर्तुळाच्या सुमारे दोनतृतीयांश भागापर्यंत पोहोचली की दुसऱ्या धाग्याचा आरंभबिंदू उघडा पडतो व त्याची नक्कल उलट दिशेने सुरू होते. एक आवर्तन पूर्ण होण्यास साधारणतः एक तास लागतो.

नियमनाच्या दृष्टीने विशेष म्हणजे सुरू झालेल्या बहुतेक नकला सुमारे साडेसहाशे अक्षरांनंतर थांबतात आणि तेथे तिहेरी धाग्याचा एक छोटा फुगवटा राहतो. काही थोड्याच नकला पुढे जाऊन पूर्ण होतात. आरंभ केलेल्या कार्यापैकी किती पूर्णत्वास न्यावयाचे, हे ठरविण्याची एक जागा पेशीने अशा रीतीने राखून ठेवली आहे.

टीफॅम : बांधणारे आणि नियमन करणारे प्रथिन

टीफॅमचा शोध अमेरिकेत डेव्हिड क्लेटन यांच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लागला. तंतुकणिकेतील जनुकांचे वाचन सुरू करणारा घटक, एवढीच त्याची प्रारंभी ओळख होती. या प्रथिनाला डीएनए पकडणाऱ्या दोन मुठी आहेत. दोन्ही मुठींनी धागा पकडून ते त्याला घोड्याच्या नालेप्रमाणे पूर्ण वळवते. ही रचना २०११ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून प्रत्यक्ष दिसली.

वर्तुळाकार डीएनएचा परीघ सुमारे साडेपाच मायक्रोमीटर असतो. तो ज्या गाठोड्यात राहतो त्याचा व्यास सुमारे ०.१ मायक्रोमीटर, म्हणजे परिघाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी असतो. एका डीएनएवर टीफॅमचे सुमारे एक हजार रेणू बसलेले असतात. म्हणजे दर सोळा-सतरा अक्षरजोड्यांमागे एक रेणू येतो. बहुतेक गाठोड्यांत डीएनएची एकच प्रत असते.

जुन्या घरांतून पोथी रुमालात बांधून ठेवण्याची रीत आहे. बांधलेली पोथी सुरक्षित राहते. पण ती वाचता येत नाही, की तिची नक्कल करता येत नाही. उघडी पोथी वाचता येते, पण तिची पाने झिजतात. टीफॅमचे कार्य असेच दुहेरी आहे. त्याचे प्रमाण माफक असेल तेव्हा काही गाठोडी सैल राहतात, आरंभबिंदू उघडे असतात, वाचन व नक्कल दोन्ही चालतात. प्रमाण वाढत गेले की गाठोडी घट्ट होतात आणि दोन्ही कार्ये मंदावतात. प्रमाण फार घटले तर डीएनए टिकतच नाही. तेव्हा टीफॅम आणि डीएनए यांचे परस्पर प्रमाण हेच येथील नियमनाचे सूत्र आहे.

हे प्रमाण राखण्यासाठी पेशीत दोन व्यवस्था आहेत. केंद्रकात टीफॅमचे जनुक चालविणारे घटक असून त्यांना पीजीसी-१ अल्फा नावाचे सहायक प्रथिन चालना देते. थंडी आणि व्यायाम यांमुळे हे प्रथिन वाढते. याच्या उलट, डीएनएपासून सुटलेले अतिरिक्त टीफॅम तंतुकणिकेतील लॉन नावाचे विकर नष्ट करते. उत्पत्ती आणि विनाश यांच्या तोलावर संख्या ठरते.

टीफॅमसंबंधीचे प्राण्यांवरील प्रयोग वैद्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावेत असे आहेत. १९९८ मध्ये निल्स-योरान लार्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांतील हे जनुक पूर्णपणे काढून टाकले असता गर्भ जगू शकले नाहीत. एकच प्रत काढली असता डीएनएच्या प्रती सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. २००० मध्ये केवळ स्वादुपिंडातील इन्सुलिननिर्मात्या पेशींतून हे जनुक काढले असता त्या उंदरांना मधुमेह झाला.

उलट दिशेचा प्रयोग अधिक बोधप्रद आहे. २००४ मध्ये उंदरांत मानवी टीफॅम अधिक प्रमाणात निर्माण केले असता डीएनएच्या प्रती वाढल्या. पण पेशींची श्वसनक्षमता वाढली नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीफॅमची मात्रा फार वाढविलेली पिल्ले जन्मानंतर लवकरच दगावली, कारण काही अवयवांत जनुकांचे वाचनच दडपले गेले. प्रती वाढविल्या म्हणजे ऊर्जा वाढली, हे समीकरण प्रयोगाच्या कसोटीस उतरत नाही. क्षय आणि वृद्धी दोन्हींना विकृती मानणाऱ्या आणि साम्याला आरोग्य म्हणणाऱ्या परंपरेला हा निष्कर्ष अपरिचित वाटू नये.

महाराष्ट्रातील उदाहरण : स्टॅव्हुडीन

नकलेची यंत्रणा औषधाने बिघडते तेव्हा काय घडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा संच एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला वर्षाकाठी ३५० डॉलरला देऊ केला. तोवर अशा उपचाराचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात असे. या संचात स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपिन ही औषधे होती. २००४ मध्ये भारत शासनाची मोफत योजना सुरू झाली तेव्हा अतिबाधित गणलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होते, आणि पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्यानंतर केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. या औषधांनी असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले, हे प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

स्टॅव्हुडीनची रचना डीएनएतील थायमिडीन या घटकासारखी आहे. विषाणूचे विकर त्याला खरे अक्षर समजून धाग्यात जोडते. परंतु त्याला पुढील अक्षर जोडण्यासाठी लागणारा हात नसल्याने धागा तेथेच तुटतो आणि विषाणूची वाढ खुंटते. केंद्रकातील डीएनएची नक्कल करणारी विकरे हे खोटे अक्षर बऱ्याच अंशी ओळखून टाळतात. तंतुकणिकेतील पॉलिमरेज गॅमा मात्र फसते. परिणामी महिनोन्महिने औषध चालू असता तंतुकणिकेतील डीएनएच्या प्रती घटत जातात, श्वसनशृंखलेतील १३ प्रथिने अपुरी पडतात आणि ज्या ऊतींची गरज मोठी त्या प्रथम थकतात.

सर्वांत लांब मज्जातंतू पायांचे असल्याने दाह व बधिरता तळव्यांपासून सुरू होते. मेदपेशींतील प्रती घटल्याने गाल व हातपाय कृश होतात. यकृत आणि स्नायू यांतील श्वसन अपुरे झाल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साठते. हृल्लास, छर्दी, उदरशूल, वजन घटणे, जलद श्वसन आणि पराकोटीचे दौर्बल्य ही त्याची लक्षणे असून तिकडे वेळीच लक्ष न गेल्यास रुग्ण दगावू शकतो. पश्चिम भारतातील रुग्णांमधील मेदविकृतीची नोंद करणारा पुण्यातील अभ्यास २००५ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये स्टॅव्हुडीनपासून दूर जाण्याची दिशा सुचविली, २००७ मध्ये सर्व प्रौढांसाठी मात्रा ३० मिलिग्रॅमवर आणली आणि २००९-१० मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. भारतातही ते मागे घेतले गेले. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर हा प्रथम पसंतीचा संच आहे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडीन यांचा पॉलिमरेज गॅमावरील परिणाम अत्यल्प आहे. झिडोव्हुडीन हे जुने औषध काही रुग्णांना आजही दिले जाते. त्याचा परिणाम स्टॅव्हुडीनहून कमी असला तरी दीर्घकाळ घेणाऱ्यांत स्नायुदौर्बल्य उद्भवू शकते.

हा धोका १९९३ मध्येच जगाला दिसला होता. अमेरिकेत यकृतदाहाच्या ब प्रकारावर फियालुरिडीन या औषधाची चाचणी १५ रुग्णांवर चालू होती. काही आठवडे सारे सुरळीत वाटले. नंतर सात जणांचे यकृत निकामी झाले; त्यांपैकी पाच मृत्यू पावले व दोघे यकृतारोपणाने वाचले. तेथेही खोटे अक्षर तंतुकणिकेतील डीएनएमध्ये शिरले होते. द्रव्य दिल्यानंतर काही आठवडे काहीच घडले नाही म्हणजे ते निर्धोक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण साठ्यातील प्रती संपेपर्यंत लक्षणे दिसत नाहीत. आपल्या औषधांची सुरक्षितता सांगतानाही हे तत्त्व विसरून चालणार नाही.

आनुवंशिक विकार आणि मातेवरील अकारण दोष

तंतुकणिकेतील डीएनए मातेकडून येतो, हे विधान आता सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले आहे. त्यावरून तंतुकणिकेचा प्रत्येक विकार मातेकडूनच येतो, असा समज रूढ होत आहे आणि कुटुंबात त्याची किंमत सुनेला मोजावी लागते. हा समज चुकीचा आहे. नकलेच्या सर्व प्रथिनांची जनुके केंद्रकात आहेत, हे वर सांगितले. ती जनुके आई आणि वडील दोघांकडून येतात.

पॉलिमरेज गॅमा आणि ट्विंकल यांच्या जनुकांतील दोषांमुळे डोळ्यांच्या स्नायूंचा वाढता घात होतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. या जनुकांतील काही दोष एका पालकाकडून आले तरी पुरेसे होतात. बालकांत दिसणारे डीएनए-क्षयाचे तीव्र विकार मात्र बहुधा दोन्ही पालकांकडून दोष आला तरच प्रकट होतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भास चारांत एक एवढा संभव असतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ असल्याने दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. असे मूल झाल्यास पुढील गर्भधारणेपूर्वी जनुकीय सल्ला घेण्यास सांगणे हे कुलवैद्याचे कर्तव्य आहे. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अनुमती मिळालेली आणि २०२५ मध्ये आठ बालकांच्या जन्माचे वृत्त आलेली तंतुकणिकादानाची पद्धती केवळ मातेच्या तंतुकणिकेतील डीएनएमधील दोषांसाठी आहे. येथे वर्णिलेल्या विकारांना तिचा उपयोग नाही.

या संदर्भात एका औषधाची माहिती अत्यावश्यक आहे. अपस्मारावर सर्रास दिले जाणारे व्हॅलप्रोएट हे औषध पॉलिमरेज गॅमाच्या जनुकातील दोष असलेल्या रुग्णांत यकृताचा प्राणघातक नाश घडवू शकते. अशा रुग्णांना ते देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेतील औषधपत्रकात छापलेला असतो. वारंवार झटके येणारे, शिकलेल्या हालचाली विसरत चाललेले आणि यकृताची लक्षणे दाखविणारे मूल वैद्याकडे आले, तर व्हॅलप्रोएट चालू आहे काय, हा पहिला प्रश्न असावा आणि त्याच दिवशी बालमज्जारोगतज्ज्ञांकडे पाठवणी व्हावी. औषध आपल्या अधिकारात अकस्मात बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे.

आयुर्वेदाशी सांगड : मर्यादा कोठे?

तंतुकणिकेला धात्वग्नी म्हणण्याचा आणि मातृपरंपरेने येणाऱ्या डीएनएला मातृज भावाचा पुरावा मानण्याचा मोह विद्वानांनाही होतो. विद्यार्थ्याला विषय समजावताना अशी तुलना साहाय्यक ठरते. परंतु तुलना म्हणजे सिद्धी नव्हे. धात्वग्नी ही कार्यावरून अनुमानिलेली संकल्पना आहे. टीफॅम हा मोजता येणारा रेणू आहे. दोन शास्त्रांची परिभाषा एकमेकींवर लादल्याने दोहोंची हानी होते. आपल्या शास्त्राला मातृज भाव सांगण्यासाठी १९६३ च्या शोधाची प्रतीक्षा नव्हती, आणि त्या शोधालाही आपल्या अनुमतीची गरज नव्हती.

जेथे सांगड खरोखर उपयोगी आहे ती जागा वेगळी आहे. व्यायामाने पीजीसी-१ अल्फा आणि त्यामार्गे तंतुकणिकांची निर्मिती वाढते, याला मानवी स्नायूंवरील भरपूर पुरावा आहे. शक्तीच्या मर्यादेत नित्य व्यायाम सांगणारी आपली दिनचर्या येथे पुरेशी समर्थ आहे. मधुमेही किंवा कृश रुग्णाला महागड्या गुटिकांच्या आधी चालण्याचा नियम सांगावा.

औषधनिर्मात्यांसाठी काही विचार

रसायनद्रव्यांवरील प्रयोगशाळेतील कार्याचा हवाला देऊन 'तंतुकणिकांची संख्या वाढते' असे वेष्टनावर छापण्यापूर्वी पुढील तीन गोष्टी विचारात घ्याव्यात.

एक, परीक्षानळीतील पेशींवर दिसलेला परिणाम पचन, यकृत आणि रक्ताभिसरण यांतून गेलेल्या औषधाचा परिणाम नव्हे. प्रयोगात वापरलेली तीव्रता रक्तात पोहोचते काय, हा प्रश्न अगोदरचा आहे.

दोन, रक्तातील तंतुकणिका-डीएनएची मोजणी केंद्रकातील डीएनएशी तुलना करून केली जाते. रक्तातील बिंबाणूंना म्हणजे प्लेटलेटना केंद्रक नसते, पण तंतुकणिका असतात. एखाद्या कल्पाने केवळ बिंबाणू वाढले तरी मोजणीत डीएनएच्या प्रती वाढलेल्या दिसतील. प्रत्यक्षात एकाही पेशीतील नक्कल बदललेली नसेल. म्हणून बिंबाणूंची संख्या नोंदविल्याविना दिलेला असा अहवाल विक्रेत्याने पुढे केला, तर तो स्वीकारू नये.

तीन, प्रती वाढणे हेच फळ नव्हे, हे २००४ च्या प्रयोगाने दाखविले आहे. रुग्ण किती अंतर चालतो, रक्तातील लॅक्टेट किती आहे, स्नायूंचे बल किती, यांत फरक पडला काय, हे दाखविले पाहिजे. तसेच पॉलिमरेज गॅमाची दुरुस्तीशक्ती काढून घेतलेले उंदीर २००४ मध्ये निर्माण केले गेले. ते अकाली वृद्ध झाले, त्यांचे केस पांढरे झाले व हाडे ठिसूळ झाली. परंतु त्यांच्यात ऑक्सिडीकरणाची हानी विशेष वाढलेली आढळली नाही. तेव्हा 'प्रतिऑक्सिडीकारक म्हणून तंतुकणिका-रक्षक आणि म्हणून वयःस्थापक' ही जाहिरातीतील साखळी वाटते तितकी मजबूत नाही.

मधुमेह, अपस्मार इत्यादी अनुसूचित रोगांवरील दाव्यांच्या जाहिरातींस १९५४ च्या औषध व जादूटोणा उपाय कायद्याने प्रतिबंध आहे, हे तंतुकणिकेचे नाव घेतल्याने बदलत नाही. कायद्याहूनही मोठी गोष्ट विश्वासाची आहे. जो दावा रुग्णाला कळत नाही, तो तपासण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर अधिक असते.

चिकित्सालयात पाळावयाची दक्षता

नाशिकसारख्या जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गावरील वाहनचालक, द्राक्षबागांतील व बांधकामावरील मजूर, तसेच दूरच्या तालुक्यांतील कुटुंबे प्रथम जवळच्या वैद्याकडे येतात. त्या दृष्टीने पुढील सूत्रे उपयुक्त ठरतील.

१) प्रत्येक पाददाहाच्या रुग्णास मधुमेह, मद्यपान आणि ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता यांबरोबरच पूर्वी व सध्या घेतलेल्या औषधांबद्दल एकांतात व आदराने विचारावे. २००४ नंतरच्या दशकात स्टॅव्हुडीन घेतलेल्यांचे तळव्यांचे विकार व मेदक्षय औषध थांबल्यानंतरही काही अंशी शिल्लक राहतात. अशा रुग्णास नवा रोग सांगून घाबरवू नये.

२) एचआयव्हीवरील औषधे घेणाऱ्या रुग्णास हृल्लास, उदरशूल, जलद श्वसन आणि अकारण दौर्बल्य एकत्र आढळल्यास अम्लपित्त किंवा अग्निमांद्य समजून दिवस घालवू नयेत. तत्काळ एआरटी केंद्रात पाठवून लॅक्टेटची तपासणी करवावी.

३) कोणत्याही परिस्थितीत ती औषधे थांबविण्याचा सल्ला देऊ नये. आपण देत असलेल्या कल्पांची नावे केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावीत.

४) अपस्मार आणि यकृतविकार एकत्र असलेल्या बालकात व्हॅलप्रोएटचा शोध घ्यावा व त्वरित पाठवणी करावी.

५) पापणी खाली येणे, डोळे फिरविता न येणे आणि स्नायुदौर्बल्य एकत्र असल्यास कुटुंबवृत्त तीन पिढ्यांपर्यंत दोन्हीकडचे लिहावे. केवळ मातृकुलाची चौकशी करून थांबू नये.

उपसंहार

तंतुकणिकेतील डीएनए टीफॅमने बांधलेला असतो, ट्विंकलने उसवला जातो आणि पॉलिमरेज गॅमाने त्याची नक्कल होते. प्रतींची संख्या या प्रथिनांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते. ती घटल्यास रोग होतो आणि कृत्रिमपणे वाढविल्यास लाभ होतोच असे नाही. स्टॅव्हुडीनने वाचविलेले प्राण आणि त्याच औषधाने जाळलेले तळवे, दोन्ही महाराष्ट्राने पाहिले आहेत. ज्या वैद्याला या दोन्हींमागची यंत्रणा ठाऊक असेल, तो अशा रुग्णाला योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठवील.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक येथे आहे आणि राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पाददाहाच्या रुग्णांत औषधवृत्ताची पद्धतशीर नोंद करून प्रबंध सिद्ध केल्यास व्यवसायास त्याचा मोठा उपयोग होईल. तोपर्यंत प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णपत्रिकेत 'पूर्वी घेतलेली औषधे' हा रकाना वाढवावा आणि तो रिकामा राहू देऊ नये, एवढी विनंती.